कोऱ्या रकान्याचा मान

॥ श्री ॥

कुरुंद्याच्या अलीकडचं आपलं गाव,
पाडवा होऊन गेल्यानंतरचा शुक्रवार

चि. कोमल हिला वैजनाथमामाचा पोटभर आशीर्वाद.

(पोरगी एवढी इंजिनिअर झाली, तिला नुसतं 'चि.' काय लिहिता, असं तुझी मामी पद्माबाई मागून म्हणते आहे. तिच्या मते तुला 'तीर्थस्वरूप' लिहायला हवं, कारण या आठवड्यात गावाने तुझं नाव जेवढ्या वेळा घेतलं तेवढं मारुतीचंही घेतलं नाही. मी म्हटलं, घेतलं खरं, पण कोणत्या सुरात घेतलं तेही लिहू का? तेव्हा ती चहा ठेवायला गेली. आपण 'चिरंजीव'वरच थांबू.)

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी आई काल पुसेगावहून येऊन गेली. आशाक्काचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ देवाच्या दयेने अजून ठणठणीत आहे. येताना कंडक्टरशी आणि जाताना रिक्षावाल्याशी भांडून गेली, म्हणजे तब्येत उत्तम समजावी. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून पाठ दुखते हे मामीला काही केल्या पटत नाही. तिच्या हिशेबाने पाठ वाकून दुखते आणि बसलं की थांबते. तरीसुद्धा तिने लसूण घालून तापवलेल्या तेलाची बाटली तुझ्यासाठी भरून ठेवली आहे. पुण्याकडे जाणारं कुणी भेटलं की पाठवते. वास येतो म्हणून फेकून देऊ नकोस. वास हाच त्यातला औषधी भाग आहे, असं ती म्हणते.

आता तू विचारशील, मामाने फोन करायचा सोडून एवढी पानं कशाला काळी केली. तर फोन बॉयलरच्या पाण्याच्या टाकीत पडला. कसा पडला ते पुढे ओघाने येईलच. आत्ता एवढंच, की तो नाही, आणि नाही म्हणूनच चार गोष्टी सावकाश लिहायला सुचतं आहे. फोनवर तुझे आभार मानायला लागलं की तू 'मामा, मीटिंग आहे' म्हणतेस. पत्राला मीटिंग नसते. तेव्हा नीट बस (पाठीला उशी लाव) आणि ऐक.

कोमल, तुझे आमच्यावर फार उपकार झाले. घरच्या माणसाला उपकार म्हटलेलं आवडत नाही हे मला कळतं, पण दुसरा शब्द आणू कुठून. तू जे बरोबर केलंस त्याबद्दल तर आभार आहेतच, पण जे चुकलं त्याबद्दल जास्त आहेत. चूक तुझी की माझी, यावर तुझी आई आणि मामी यांचं अजून एकमत झालेलं नाही. दोघींचं एकमत झालं तरच ती बातमी समजावी, म्हणून तो विषय मी सोडून दिला आहे.

तू सुट्टीत यायचीस ती मे महिन्यात, तोवर हळदीचा धुमाकूळ संपलेला असायचा, म्हणून मुळापासून सांगतो. जमिनीतून निघालेली हळद ओली असते. ती वाफेवर शिजवून मग उन्हात वाळवायची. शिजवायला उशीर झाला की कंद मऊ पडतो, बुरशी धरतो, मग त्याला कुणी विचारत नाही. आणि गावाला मिळून बॉयलर येतो एकच, ट्रॉलीवर बसून. बॉयलरवाला म्हणजे दुसरा जावई. चार दिवस राहतो, खातो, आणि जरा कुठे आवाज वाढला की आखाडा बाळापूरला निघतो, तिकडे त्याला म्हणे फार मान आहे. त्यामुळे कुणाची हळद आधी शिजायची यावर दरवर्षी गावात रण माजतं. बॉयलरमध्ये हळद भरायचा पहिला ड्रम नेमसिंगभाऊंचा, कारण पूर्वी हळद कढईत शिजवायचे तेव्हा गावात पहिली कढई त्यांच्या आजोबांनी आणली होती. (कढई कधीच मोडीत गेली, मान तेवढा शिल्लक आहे.) त्यांच्यानंतर ज्यांच्या पूर्वजांनी त्या कढईखाली लाकडं घातली त्यांचा मान, मग ज्यांनी पाणी शेंदलं त्यांचा. मागच्या वर्षी तर एकाने आपल्या पणजोबाने ती कढई घासली होती असं सांगून नंबर लावला. मान संपता संपता बॉयलरवाल्याचा धीर संपायचा.

आणि मानाच्या शेपटालासुद्धा जिला जागा नव्हती ती चांगुणा. तुला आठवत असेल, आपल्या मागच्या गल्लीतली, नवरा लवकर गेला ती, तू लहान असताना ओच्यातून भाजलेल्या शेंगा काढून द्यायची. तिला शेत नाही. लोकांची हळद काढून झाली की मातीत राहिलेले तुटकेफुटके कंद ती वेचते. याला आपण सरवा म्हणतो, आणि सरवा वेचणाऱ्याला कुणी बांधावरून हाकलत नाही, ही आपल्या गावाची एक चांगली गोष्ट आहे. पण वेचू देणं वेगळं आणि शिजवू देणं वेगळं. तिचा एवढासा ढीग दुसऱ्याच्या ड्रममध्ये मिसळता येत नाही, तुटकी हळद आधी शिजून तिचा लगदा होतो. म्हणून ती वाट बघायची. गेली दोन वर्षं बॉयलर तिच्या दारावरून निघून गेला आणि ढीग जागच्या जागी बुरशीने पांढरा पडला. ती कुणाला काही बोलली नाही. बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. यंदा शेतकरी गटाचा सेक्रेटरी मी झालो (दुसरं कुणी तयार नव्हतं) तेव्हाच मनाशी धरलं होतं की या वर्षी काही झालं तरी चांगुणाची हळद शिजली पाहिजे. कशी, ते मात्र माहीत नव्हतं.

संक्रांतीला तू आलीस आणि ओसरीवर बसून, मामीच्या तिळाच्या लाडवांची ताटली संपवता संपवता माझ्या फोनमध्ये ते यंत्र बसवलंस. तू सांगितलेलं मला अजून पाठ आहे. प्रत्येक शेतकऱ्याचा एक कागद, आणि असे सगळे कागद एका गठ्ठ्यात. जुन्या रजिस्टरसारखे सगळ्यांना एकच रकाने आखलेले नाहीत. कुणाच्या कागदावर चार गोष्टी असतील, कुणाच्या सहा, गठ्ठ्याला राग येत नाही. मग आपण गठ्ठ्याला म्हणायचं, हळद काढल्याच्या तारखेने क्रम लावून दे. ज्याची आधी निघाली तो वर. दोघांची तारीख एकच आली तर दुसरी पायरी लावायची, ज्याचा ढीग लहान तो आधी. क्रम उलटा हवा असेल तर उलटाही लागतो, मग वरचे कागद खाली जातात आणि खालचे वर येतात. मला ते लगेच पटलं. पंगतीतही आपण तेच करतो, आधी लेकरं, आणि लेकरांत जे मोठ्याने रडतं ते आधी. तू हसलीस आणि म्हणालीस, मामा, तुम्ही पास. जाता जाता माझ्या फोनला कोंबडा आरवल्याची घंटीसुद्धा तूच बसवून दिलीस, कारण बाकीच्या घंट्या मला ऐकू येत नाहीत. (पहिले आठ-दहा दिवस गल्लीतले खरे कोंबडे तिला उत्तर द्यायचे. आता त्यांनी नाद सोडला.) आणि निघताना बसच्या खिडकीतून बजावलंस, की तारखेच्या चौकटीत हातानेही लिहिता येतं, पण शक्यतो कॅलेंडर उघडून त्यातली तारीख निवडा. यातला 'शक्यतो' तेवढा माझ्या चांगला लक्षात राहिला.

आता तुझ्या पुण्यात माणसाला तारीख विचारली की तो तारीख सांगत असेल. इथे तसं नाही. ज्यांनी काढणीला ट्रॅक्टर सांगितलेला असतो त्या मोठ्या शेतकऱ्यांना तारीख पाठ असते. नेमसिंगभाऊंनी ती घडाघडा सांगितली, आणि त्यांची हळद गावात सगळ्यांच्या आधी निघाली होती. मी ती कॅलेंडरातून निवडली. बाकीच्यांचं असं, की एक जण म्हणाला, गुढीपाडव्याला गुढी उतरवली आणि लगेच. दुसरा म्हणाला, होळीच्या दुसऱ्या दिवशी. देवलाला विचारलं, तो म्हणाला, "सटवाजीच्या आदल्या दिशी." सटवाजीला विचारलं, तो म्हणाला, "देवलाच्या दुसऱ्या दिशी." दोघंही खरं बोलत होते, म्हणून दोघांचं जसंच्या तसं लिहिलं. मला स्वतःला माझीच तारीख आठवेना, तेव्हा किती दिवस झाले तेवढा नुसता आकडा टाकला. आणि चांगुणाकडे गेलो तर ती म्हणाली, "म्या कोन्ती तारीख सांगू, भाऊ? रोज टोपलंभर येचून राहिले." खरं होतं तिचं. टोपल्यागणिक तारीख लिहायला चौकट पुरली नसती, म्हणून तिची चौकट कोरीच सोडली. तुझ्या गठ्ठ्याने यातल्या एकाही गोष्टीला नाक मुरडलं नाही. एवढं मुकाट ऐकून घेणारं मी गावात दुसरं काही पाहिलेलं नाही.

मंगळवारी बॉयलर आला. संध्याकाळी मी शाळेतून फळा मागून आणला, मारुतीच्या पारावर ठेवला आणि फोनमध्ये 'क्रम लावा' दाबलं. वरून पहिलं नाव आलं चांगुणाचं, आणि दुसरं माझं. मग पाडव्याला गुढी उतरवणारा, त्याखाली सटवाजी, त्याखाली देवला, मग होळीवाला. आणि या सगळ्यांच्या खाली, ज्यांनी शहाण्यासारखी तारीख सांगितली होती ते सगळे, नेमसिंगभाऊंसकट. मला शंका आली नाही का? आली. पण कॉम्प्युटरने केलंय म्हणजे त्यात काही खोल अर्थ असेल, असं समजून मी छान वळणदार अक्षरात सगळं फळ्यावर उतरवलं आणि घरी येऊन जेवलो.

बुधवारी सकाळी पारावर जत्रा भरली होती. देवला म्हणत होता, "सटवाजीच्या आदल्या दिशी काढली म्या, आन् सटवाजी माझ्या म्होरं काहून?" सटवाजीचं म्हणणं, मशीनला माणसाची पारख असते. होळीवाला म्हणे, होळी पाडव्याच्या आधी येते हे शेंबड्या पोराला कळतं, तुमच्या कोमलला कळत न्हाई का? (तुझं नाव कसल्या सुरात घेतलं गेलं, ते मी वर झाकलं होतं ते हे.) मग सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या नंबरकडे गेलं, की सेक्रेटरी बराबर दुसऱ्या जागेवर कसा काय बसून राहिला. नेमसिंगभाऊ आवाज चढवत नाहीत, ते नुसता चष्मा पुसतात. चष्मा पुसून म्हणाले, "वैजनाथ, माझ्या आज्यानं कढई आणली तवा ह्या फळ्याचं झाडबी उगवलं नव्हतं." पहिला नंबर मात्र कुणी हिशेबातच धरला नाही. एक जण तर म्हणाला, वरचं नाव फळा पुसणाऱ्या बाईचं असंल. चांगुणा लांब, टाकीच्या पलीकडे उभी होती. तिने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही.

मी देवळामागे जाऊन तुला फोन लावला. तू आधी हसलीस, मग मी काय काय लिहिलंय ते ऐकून आणखी हसलीस, आणि मग समजावलंस. हा गठ्ठा क्रम लावताना आधी कोरे घेतो, मग नुसते आकडे, मग अक्षरं, आणि खऱ्या तारखा सगळ्यांच्या मागून. अक्षरं तो वर्णमालेप्रमाणे घेतो, त्याला सणवार कळत नाहीत. म्हणून 'गुढी'चा ग आधी आणि 'होळी'चा ह शेवटी, आणि मधे देवला-सटवाजी एकमेकांच्या नावाने. तू म्हणालीस, "मामा, काळजी करू नका. ज्यांच्या तारखा कळत नाहीत त्या मी तुम्हाला विचारून घालते आणि कोरे असतील ते तळाला टाकते. दुपारपर्यंत होईल. फोन उघडला की नवी यादीच दिसेल." कोरे तळाला, हे तू सहज म्हणालीस, आणि ते बरोबरही होतं. पण कोरी सगळ्या गावात एकटी चांगुणा होती.

इकडे बॉयलरवाला सांगून मोकळा झाला होता, की दुपारपर्यंत भट्टी पेटली नाही तर आपण चाललो. पेटली तरी मानाची भांडणं सुरू झाली की तो तळापर्यंत थांबत नाही हे दोन वर्षं पाहिलेलं. वर आभाळही भरून आलेलं. मी सरळ पारावर उभा राहून म्हणायला हवं होतं, बाबांनो, चांगुणाचं आधी होऊ द्या. पण ज्याचा स्वतःचा नंबर दुसरा लागलाय त्याने पहिल्याची बाजू घेतली तर कोण ऐकणार? लोक म्हणाले असते, बाईला पुढे करून हा मागून घुसतोय.

त्यानंतरचा प्रसंग असा. टाकीत पाणी किती आहे ते बघायला मी वाकलो. (वैजनाथभाऊंनी आजवर कधी टाकीत डोकावून पाहिलं नाही, हे बॉयलरवाल्याने चारचौघांत सांगायची काही गरज नव्हती.) वाकलो तसा वरच्या खिशातून फोन घसरला. डुबुक असा आवाज झाला. आवाज मी एकट्याने ऐकला, बाकीचे फळ्यापाशी भांडत होते. बांबूने बरंच ढवळून पाहिलं, पाणी गढूळ, काही हाती लागलं नाही. मी घरी जाऊन सदरा बदलून आलो आणि पारावर सांगितलं, फोन गेला, त्याच्याबरोबर नवी यादीही गेली, आता फळ्यावर आहे तेच. आणि कुणी बोट दाखवायला नको म्हणून माझं नाव माझ्या हाताने पुसून सगळ्यात तळाशी, नेमसिंगभाऊंच्याही खाली लिहिलं. (संध्याकाळी हे कळल्यावर मामी माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. आपली हळद आपलीच आहे, असं तिचं म्हणणं.) तरी कुणी हलेना. नेमसिंगभाऊंचा शब्द पडेपर्यंत आपल्याकडे काडी ओढली जात नाही.

ते माझ्या मागोमाग घरी आले. म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावा पोरीला. हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, नंबरसुद्धा फोनमध्येच होता, तोही बुडाला. ते नुसतं 'हं' म्हणाले आणि चष्मा काढला. मामीने चहा ठेवला, दूध नासलं होतं, म्हणून मी तांब्या घेऊन शेजारी गेलो. परत आलो तर भाऊ गेलेले. कोराच चहा पिऊन उठले, असं मामी म्हणाली. धावत पारावर गेलो, तर ते बॉयलरवाल्यापुढे उभे राहून सांगत होते, "फळ्यावर हाय ते हाय. चांगुणाचं भरा आधी." काय झालं त्यांना, देव जाणे. नव्या यादीत पहिला नंबर त्यांचाच आला असता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

चांगुणाला बोलवायला माणूस गेला, तर ती डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन आली. दरवर्षी तिला बॉयलरपाशी लाकडं टाकायलाच बोलावतात ना. सटवाजी ओरडला, "काकू, लाकडं न्हाई, हळद आणा." ती तशीच उभी राहिली भारा घेऊन. पुन्हा सांगावं लागलं. मग देवला आणि सटवाजी स्वतः टोपली घेऊन तिच्या दारी गेले. (पुण्य लागावं म्हणून नव्हे. तिचं लवकर उरकलं की आपला नंबर लवकर लागेल म्हणून. पण टोपली उचलली, हे मी लक्षात ठेवणार आहे.) अर्धासुद्धा ड्रम भरला नाही. वाफ सोडली आणि थोड्या वेळाने झाकण उघडलं, तेव्हा तो पहिल्या शिजलेल्या हळदीचा वास पारापर्यंत आला, तुला तो माहीत नाही, एकदा ये. चांगुणाने एक कंद उचलला, हाताला चटका बसत असताना तसाच धरून त्यात काडी खुपसली. काडी आरपार गेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिजली, भाऊ." एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर गेला, असं मी म्हणालो. धूर उलटीकडे जात होता.

पुढे सगळं सुरळीत झालं. लहान ढीग पटापट उरकले, मानापानात वेळ गेला नाही, भांडण नाही म्हटल्यावर बॉयलरवाल्यालाही जायला निमित्त मिळेना. आभाळ आलं तसं गेलं. आज नेमसिंगभाऊंची हळद लागली आहे, उद्या आपली लागेल. चांगुणाची हळद तिच्या दारापुढे पसरलेली आहे, आणि ती हातात काठी घेऊन शेळ्या हाकलत दिवसभर तिच्यापाशी बसून असते. शेळ्या हळद खात नाहीत हे तिला माहीत आहे. तरी बसते.

म्हणून तुझे आभार, कोमल. ज्याच्यापुढे लिहायला काहीच नाही त्याला आधी घ्या, असं आमच्या गावात आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, मीही बोललो नव्हतो. ते तुझ्या गठ्ठ्याने न बोलता करून दाखवलं. तुला वाटतं ती चूक झाली, मला तसं वाटत नाही. चांगुणाने तुझ्यासाठी पुरचुंडीत मूठभर हळद दिली आहे, पाकिटात घातली आहे. ओलसर आहे, त्यामुळे पत्राचे कोपरे पिवळे झालेले दिसले तर कुणाचं लग्न ठरलं असं समजून आईला फोन करू नकोस, ती लगेच बस्ता बांधायला निघेल.

पाठीला जप, वेळेवर जेव, आणि इकडची काळजी तिकडे करू नकोस. ती करायला आम्ही पुष्कळ आहोत.

तुझा,
वैजनाथमामा

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. तू केलेली दुरुस्ती राहू दे, तारखांचं सगळं बरोबर कर. फक्त चांगुणाच्या कागदावर एक जादा गोष्ट लिही, सरवा. आणि क्रम दोन पायऱ्यांचा लाव. आधी सरवा, तो उलट्या क्रमाने, म्हणजे ज्याच्या कागदावर तो आहे तो वर राहील आणि ज्यांच्या नाही ते खाली जातील. त्यानंतर तारीख. (बघ, पंगत अजून लक्षात आहे.) नुसत्या कोऱ्या चौकटीवर आता भरवसा ठेवता येणार नाही, कारण तो फळा पाहिल्यापासून अर्ध्या गावाला पुढच्या वर्षी हळद कधी काढणार ते आत्तापासूनच आठवेनासं झालं आहे.

ता. क. दुसरा. बुधवारी दुपारी तू तारखा विचारायला फोन लावला असशील आणि पलीकडे घंटी वाजली असेल, तर बुडालेला फोन वाजतो कसा, हा प्रश्न तुला पडणार. तू इंजिनिअर, तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. फोन टाकीत पडलेला नाही. तो ज्वारीच्या कोठीत आहे, खोल खुपसून वरून पायलीभर ज्वारी ओतली आहे. बंद करून ठेवणार होतो, पण त्यासाठी कोणती दोन बटणं एकदम दाबायची हे तू सांगितलेलं ऐन वेळी आठवलं नाही. एव्हाना बॅटरी संपून गप्प झाला असेल. बॉयलर गावातून गेला की तो 'दुरुस्त' होऊन येईल. हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. मामीलाही माहीत नाही, आणि हे पत्र मी तिला दाखवणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला खळ मामीनेच करून दिली, आणि ती निवेपर्यंत पत्र वाचून काढलं. आता पदर तोंडाला लावून हसते आहे. तिचं म्हणणं, मी दूध आणायला गेलो होतो तेव्हा कोठीतून कोंबडा आरवला, एकदा नव्हे, थांबून थांबून चांगला तीनदा. नेमसिंगभाऊंनी कप खाली ठेवला, कोठीकडे बघितलं आणि विचारलं, "वहिनी, कोठीत कोंबडा हाय व्हय?" मामी म्हणाली, "व्हय भाऊ, अंड्यावर बसवलाय." भाऊंनी उरलेला चहा संपवला, पायात वहाणा घातल्या आणि दारातून म्हणाले, "बसू द्या. चांगुणाचं शिजल्याबिगर उठवू नका त्याला."